बाबांनी मृत्युपत्र केलं नाही. आता दादाच्या कागदावर सही करू का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

वडील आठ महिन्यांपूर्वी गेले. मृत्युपत्र सापडलं नाही. मागे आई, मोठा भाऊ, पत्र लिहिणाऱ्या विवाहित ताई आणि धाकटा भाऊ. शहरात एक फ्लॅट आहे, खरेदीखतावर आई-वडील दोघांची नावं. तिथे आई आणि धाकटा भाऊ राहतात. बँकेत मुदत ठेवी आहेत, बहुतेकांना मोठा भाऊ नॉमिनी. गावी थोडी शेतजमीन, सातबाऱ्यावर वडील आणि काका. वडिलांची आई हयात आहे, ती गावी काकांकडे असते.

मोठ्या भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा करून आणला आहे. आई, ताई आणि धाकटा भाऊ, तिघांनी त्यावर सह्या करायच्या. "सगळं एका नावावर आलं की कामं पटापट होतील," असं तो म्हणतो. "तुझ्या लग्नात बाबांनी केलंच की," हेही म्हणाला. आईचं म्हणणं, "सही करून टाक, माहेर तुटायला नको." नवऱ्याचं म्हणणं, "हिस्सा सोडू नकोस." ताई विचारतात: "मला पैसे नकोत, पण सही करताना हात अडखळतो. मी लोभी आहे का? आणि मृत्युपत्रच नसेल तर माझा हक्क लागतो तरी का?"

---

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. हो, लागतो. मृत्युपत्र नसलं की मालमत्ता अधांतरी राहत नाही, सरकारजमाही होत नाही आणि घरातला थोरला म्हणेल त्याचीही होत नाही. बाबा गेले त्याच दिवशी कायद्याने वाटे पडले. तुमचं कुटुंब हिंदू आहे असं पत्रावरून दिसतं, म्हणून १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच. मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे वाटे ठरतात, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. तशा वाचकांनी पुढचं गणित आपल्या घराला जसंच्या तसं लावू नये.

या कायद्यात पुरुषाच्या पश्चात पहिला हक्क 'वर्ग १'च्या वारसांचा. मुलगा, मुलगी, बायको आणि आई, सगळ्यांना सारखा वाटा. मुलीचं लग्न झालंय की नाही, ती कुठे राहते, तिच्या लग्नात किती खर्च झाला, यातलं काहीही कायदा विचारत नाही. लग्नाचा खर्च वजा करायचा तर दादाच्या शिक्षणाचाही करावा लागेल. ती वही उघडायला कोणी तयार नसतं, आणि उघडूही नये.

आता तुमच्या घराकडे वळू. बाबांचे वर्ग १ चे वारस कोण? आई, तुम्ही तीन भावंडं, आणि आजी. आजीचं नाव तुमच्या पत्रात केवळ ती गावी असते एवढंच सांगायला आलंय. दादाच्या मसुद्यात तर ती नाहीच. पण मुलगा मृत्युपत्राशिवाय गेला, तर त्याच्या आईला त्याच्या बायकोइतकाच वाटा मिळतो. (वडील हयात असते तर त्यांना मिळाला नसता, ते वर्ग २ मध्ये येतात. बऱ्याच वकिलांच्या घरातसुद्धा हे माहीत नसतं.) म्हणजे बाबांच्या वाट्याचे पाच समान भाग. त्यामुळे दादाचा कागद आज तुम्ही तिघांनी सही करून दिलात तरी अर्धवटच राहणार.

फ्लॅटवर नावं दोघांची आहेत. खरेदीखतात हिस्सा वेगळा लिहिलेला नसेल तर साधारणपणे निम्मा-निम्मा धरतात. म्हणजे अर्धा फ्लॅट आईचा स्वतःचा, तो वारशात येतच नाही. उरलेल्या अर्ध्याचे पाच भाग. प्रत्येकाला पूर्ण फ्लॅटचे दहा टक्के. दादाचे दहा, तुमचे दहा, धाकट्याचे दहा, आजीचे दहा. आणि आईचे पन्नास अधिक दहा, साठ.

या साठ टक्क्यांवर जरा थांबा. तुमचं सगळं पत्र तुमच्या सहीबद्दल आहे. सही केली तर मी भोळी, नाही केली तर लोभी, नवरा काय म्हणेल, दादा काय म्हणेल. पण त्याच कागदावर आईचीही सही मागितली आहे आणि ती कोणालाच, आईलासुद्धा, खटकलेली नाही. तुम्ही दहा टक्क्यांसाठी अडखळताय. आई साठ टक्के सोडायला निघाली आहे, त्यातले पन्नास तर तिला बाबांकडून मिळालेलेही नाहीत. उद्या त्या घरात ती कोणाच्या मर्जीवर राहणार? माहेर तुटायला नको म्हणून ती तुम्हाला सही करायला सांगते. ज्या घराला तुम्ही माहेर म्हणता ते त्या सहीने दादाचं घर होणार आहे, आणि आई त्यात राहायला असणार आहे.

दादाच्या मनात काळंबेरं आहे असं मला म्हणायचं नाही. पत्रावरून तसं दिसतही नाही. घरातलं माणूस गेल्यावर बँक, सोसायटी, तलाठी कार्यालय असे खेटे बहुधा एकाच माणसाच्या पदरात पडतात आणि तो माणूस थकतो. प्रत्येक खिडकीवर 'बाकीच्या वारसांच्या सह्या आणा' ऐकून कंटाळलेल्या माणसाला 'सगळं माझ्या नावावर करा' हा सोपा उपाय वाटतो. त्याला कोणीतरी एजंटाने तो मसुदा छापूनही दिला असेल. म्हणून भांडण न करता आधी एक काम करा. त्याला विचारा, नेमकं काय अडलंय? कारण बहुतेक कामांना हक्कसोडपत्र लागतच नाही.

सोसायटीत बाबांच्या जागी नाव लावायचं असेल तर सगळ्या वारसांची नावं लागू शकतात, किंवा बाकीच्यांनी ना-हरकत दिली तर आईचं एकटीचं. नॉमिनी नोंदवलेला नसेल तर सोसायटी हरकती मागवणारी सूचना काढते आणि वारसांकडून हमीपत्र घेते. नॉमिनी असेल तर महाराष्ट्रात २०१९ पासून सहकारी संस्थांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता सभासद. ना-हरकत आणि हक्कसोड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ना-हरकतीने फक्त नाव लागतं, मालकी जात नाही. पण दोन्ही कागद दिसायला सारखेच असतात आणि दोन्हींना लोक 'नुसती सही' म्हणतात. 'या मिळकतीतील माझा हक्क, हिस्सा व हितसंबंध कायमचा सोडून दिला आहे' असं वाक्य आलं, की ती नुसती सही राहत नाही.

ठेवींबाबत तुमच्या घरात जो समज दिसतो तो घरोघरी असतो: नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे, एवढंच नॉमिनेशन ठरवतं. दादाला पैसे मिळतील आणि बँकेची जबाबदारी संपेल, पण ते पैसे दादाने सगळ्या वारसांच्या वतीने घेतलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये विम्याच्या संदर्भात हे सांगितलं होतं, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलही नॉमिनी मालक ठरत नाही असाच निकाल दिला. विम्याच्या कायद्यात मात्र २०१५ ला दुरुस्ती झाली. तिच्यानुसार नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर ते लाभार्थी धरले जातात. म्हणून बाबांच्या पॉलिसीवर नॉमिनी कोण, ते वेगळं तपासा. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर ते वारशात धरतच नाहीत. ते तिचं एकटीचं.

एखाद्या ठेवीला नॉमिनीच नसेल, तर बँका ठरावीक रकमेपर्यंत वारसांच्या अर्जावर आणि हमीपत्रावर पैसे देतात. त्यापुढे दिवाणी न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागू शकतात. तो दाखला ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी. घर-जमिनीसाठी आपल्याकडे न्यायालयातून वारस प्रमाणपत्र घेतात, १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली. इंग्रजी कंपनी सरकारचा हा नियम अजून आपल्या घरांत ये-जा करतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

गावच्या जमिनीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. खरा गुंता तिथे असू शकतो. सातबाऱ्यावर बाबा आणि काका दिसतात, म्हणजे बहुधा आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली. त्या फेरफाराची प्रत काढा. जमीन आजोबांनी स्वतः घेतली होती की त्यांना वाडवडिलांकडून आली होती, आणि आजोबा कोणत्या साली गेले, या दोन गोष्टींवर पुढचं सगळं अवलंबून आहे. स्वकष्टार्जित असेल आणि आजोबा १९५६ च्या कायद्यानंतर गेले असतील, तर तिच्यात तेव्हाच आजीचा आणि आत्यांचाही वाटा होता. मग त्यांची नावं कुठे गेली? जुन्या नोंदींत बायकांची नावं 'इतर अधिकार' या रकान्यात बाजूला पडलेली सापडतात, कधी कधी तिथेही नसतात. जमीन वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखी जन्मानेच हिस्सेदार झाली. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तसा कायदा केला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ च्या दुरुस्तीत ती अट नाही, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते, मालकीचा अंतिम पुरावा नसतो. नाव नाही म्हणून हक्क नाही, असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. बाबांच्या मृत्यूची वारस नोंद मात्र करून घ्या. तीन महिन्यांत कळवायचं असतं, तुमचे आठ झाले. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, काम लांबतं एवढंच.

आता पहिला प्रश्न. लोभी?

'मला पैसे नकोत' असं तुम्ही पत्रात तीन ठिकाणी लिहिलंय. कोणी विचारलेलं नसताना. मला वाटतं हे वाक्य तुमचं कमी आणि चांगल्या मुलीने काय म्हणायचं असतं, त्या शिकवणीचं जास्त आहे. पैसे खरंच नको असतील तर नको. तो मोठेपणा आहे. पण देता तेव्हाच येतं, जेव्हा ते आपलं आहे हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही मान्य असतं. दादा म्हणतोय, तुझं काही नव्हतंच, फक्त सही राहिली होती. हात अडखळतोय तो रकमेसाठी नाही, या वाक्यासाठी. तसं असेल तर ते दादाशी बोला. "माझा वाटा आहे, हे तू आधी म्हण. मग त्याचं काय करायचं ते मी ठरवेन." एवढं म्हणायला वकील लागत नाही.

नवऱ्याबद्दलही एक शब्द. 'सोडू नकोस' हा सल्ला कायद्याने बरोबर असला, तरी निर्णय त्यांचा नाही. वारशाने आलेली मालमत्ता तुमची स्वतःची असते, तुमच्या संसाराच्या खात्यातली नव्हे. आईकडून एक दडपण आणि इकडून दुसरं, अशात घेतलेला निर्णय कोणताही असो, पुढे टोचत राहील.

कायदा सारखे वाटे देतो, पण सारखं म्हणजे न्याय्यच असं नाही, हेही सांगायला हवं. बाबांच्या आजारपणात हॉस्पिटलच्या वाऱ्या धाकट्याने केल्या असं तुम्ही लिहिलंय. आईची सोबत तोच करतो. मृत्युपत्र असतं तर बाबांनी कदाचित त्याला झुकतं माप दिलं असतं. मृत्युपत्र नसताना कायद्याच्या तागडीत सेवेला वजन नाही. ते वजन टाकायचं तर तुम्हा वारसांनाच टाकावं लागेल, एकत्र बसून. दादाच्या मसुद्यात धाकट्यालाही सोडायला लावलंय आणि त्याचा या पत्रात आवाजच नाही. त्याला विचारलंय का कोणी?

माझं मत विचाराल तर या कागदावर सही करू नका, आणि आईलाही करू देऊ नका. त्याऐवजी बाबांच्या नावचं काय काय आहे याची यादी सगळ्यांनी मिळून करा: फ्लॅट, ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी, लॉकर, जमीन, आणि कर्जही. कर्जाची भीती बाळगू नका. वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, स्वतःच्या खिशातून भरावं लागत नाही. यादी करतानाच मृत्युपत्र नाही याचीही खात्री करा. कपाट पाहिलं असेल, पण मृत्युपत्र नोंदवलेलं असू शकतं. दुय्यम निबंधक कार्यालयात चौकशी करा. साध्या कागदावर हाताने लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतलेलं मृत्युपत्रही चालतं, नोंदणी सक्तीची नाही. तेव्हा बाबांच्या जवळच्या मित्रांनाही विचारा.

मग फ्लॅट. तुम्हाला तुमचा वाटा खरंच नको असेल तर तो आईला द्या. हक्कसोडपत्रात 'आईच्या लाभात' असं नाव घालून लिहा. कोणाच्या लाभात ते न लिहिता हक्क सोडला, तर तो उरलेल्या सगळ्या हिस्सेदारांत वाटला जातो. भावांनीही तेच केलं तर आईकडे नव्वद टक्के येतात आणि सोसायटीचा प्रश्न मिटतो. दहा उरतात ते आजीचे. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं, नोंदणी न केलेल्या कागदाने हक्क जात नाही. वारशाने आलेली मिळकत आई, भाऊ, बहीण अशा जवळच्या नात्यात सोडताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे, मात्र दस्ताची भाषा त्या सवलतीत बसते ना हे वकिलाकडून पाहून घ्या. एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र फिरवणं सोपं नसतं. दिवाणी दावा लावून फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. म्हणून मसुदा घरी आणा, दादाचा नसलेल्या वकिलाला दाखवा, आणि 'मीच सगळं बघतो' म्हणून कोणी कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) मागितलं तर त्याला तितक्याच शांतपणे नाही म्हणा.

सगळं एकदम मिटवायचं असेल तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा. त्यात फ्लॅट आईला, ठेवींतून भावांना, जमिनीत तुमचं नाव कायम, धाकट्याला थोडं जास्त, असं काहीही सर्वांच्या संमतीने लिहिता येतं. आई हट्टाने आपलं घर दादाला द्यायचंच म्हणाली, तर तो तिचा अधिकार आहे. पण मग दस्तात अट घालून घ्या: तिचा सांभाळ आणि तिथे तहहयात राहण्याचा हक्क. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात, अशी अट घालून दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याची तरतूद आहे. अट लिहिलेली नसेल तर ती वाट अवघड होते.

प्राप्तिकराची काळजी दादा करत असेल तर सांगा त्याला: आपल्याकडे वारसा कर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली. पुढे घर विकलं तर भांडवली नफ्यावर कर लागेल, आणि तो ज्याच्या त्याच्या वाट्यावर.

आजीकडे एकदा जाऊन या. सुट्टीत, कागद न नेता. तिचा मुलगा गेलाय, हे या आठ महिन्यांत कोणी तिच्यासमोर नीट बोललंय की नाही, कोण जाणे. मग काकांच्या समोरच तिला तिचा वाटा समजावून सांगा. तिला तो तुमच्या आईला द्यायचा असेल, तर हक्कसोडपत्र किंवा मृत्युपत्र तिच्या हयातीतच व्हायला हवं. ती तशीच गेली तर तिचा वाटा काका, आत्या आणि बाबांच्या जागी तुम्ही तीन भावंडं यांच्यात जाईल. त्यात तुमच्या आईला काही मिळणार नाही, आणि फ्लॅटच्या दस्तावर पुढच्या वेळी काकांच्या आणि आत्यांच्या सह्या घ्याव्या लागतील.

आणि हे सगळं मार्गी लागलं की आईला मृत्युपत्र करायला सांगा. साक्षीदार दोन, त्यांतला एकही लाभार्थी नको. वय पाहता त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत असलेलं बरं. काय लिहायचं ते तिने ठरवावं. लिहिताना खोलीत तुम्ही तिघंही नसाल तर उत्तम.